पापडावर वाइन

पापड भाजल्याचा वास आला ना, की मला उल्हासनगर कॅम्प एकमधली ती दुपार आठवतेच! मी कॉलेजात होते. शेजारच्या सिंधी काकींचा मुलगा अमेरिकेत, वाळवंटातल्या द्राक्षमळ्यात कामाला होता. तो सुट्टीवर यायच्या आधीच काकींनी फोनवर सांगून टाकलेलं, आता परत जायचं नाही, दुकानात बसायचं! म्हणून तर त्याने आईचं मन वळवायला तिथली पांढरी वाइन आणलेली. काकींनी सिंधी रिवाजाप्रमाणे आधी सगळ्यांना काळी मिरी घातलेला पापड दिला, मग स्टीलच्या ग्लासात वाइन. एक घोट घेतला आणि काकी मुलाला म्हणाल्या, "पुट, ये तो सिरका है!" म्हणजे चक्क व्हिनेगर! त्याचा चेहराच पडला. मग एकदम ओरडला, "अम्मा, पापड! पापड ने जीभ जला दी!" आम्हाला चुळा भरायला लावल्या, काचेचे ग्लास काढले, म्हणाला, पहले सूंघो. मी वास घेतला तर पेरू! पिकायला आलेला पेरू! आणि घोट थंडगार, आंबटगोड, शेवटी किंचित खारट. काकींनी डोळे मिटून अजून एक घोट घेतला. मग म्हणाल्या, "रेत में इतना रस? जा पुट, वापस जा. पापड बाँध देती हूँ, पर मेहमानों को बाद में देना!" आजही मी पाहुण्यांसमोर पापड हातात धरून आधी विचारते, काही प्यायचंय का?