पडदेवालीची दुसरी बॅटरी

पडदेवालीचं लग्न जमलं ते एका खिडकीपाशी. नव्या इमारतीतल्या एका घरात ती पडद्यांची मापं घ्यायला गेली, तेव्हा काचवाला खिडकीत काच बसवत होता. "कडेला भरलेली लांबी ओली आहे, काचेला हात लावू नका," तो म्हणाला. "मला हात लावायचाच नाही, मला ती झाकायची आहे," ती म्हणाली. पुढे संसाराला बरीच वर्षं झाल्यावरही तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, मी लोकांच्या घरात उजेड सोडतो आणि ही मागोमाग येऊन तो अडवते, असा आमचा जोडधंदा आहे.

घराच्या पुढच्या खोलीत तिचं सगळं बस्तान. खोलीभर लांब टेबल, शिलाई मशीन, भिंतीला टेकून उभे कापडाचे गठ्ठे, डब्यांत कड्या आणि आकडे. मापं तीच घ्यायची, शिवायचीही तीच, आणि स्टुलावर चढून दांडी ठोकून पडदा अडकवायचीही तीच. पडदा टांगल्यावर तो कसा पडतो हे स्वतः पाहिल्याशिवाय तिचं समाधान व्हायचं नाही.

दिवस राहिले तेव्हाही तिने काम सोडलं नाही. मुलगी झाली, सुखरूप झाली. पण बाळ काही आठवड्यांचं झालं न झालं तोच हिला धाप लागायला लागली. पाळण्यापासून स्वयंपाकघरापर्यंत जायचं तरी मध्ये भिंतीचा आधार. चपला पायांत शिरेनात. आडवं पडलं की छातीवर कुणीतरी ठाण मांडून बसल्यासारखं वाटायचं, म्हणून ती कापडाच्या गठ्ठ्याला पाठ लावून बसल्या बसल्याच झोपायची. मदतीला आलेली नणंद म्हणायची, "पहिलटकरणीला असं होतंच. मलाही झालं होतं." ही नणंद नाटकाच्या थिएटरात तिकीटखिडकीवर बसायची. तिचं घरातलं बोलणंही रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जावं अशा बेताचं असायचं, त्यामुळे तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

एका संध्याकाळी काचवाला बायकोचे पाय चेपायला बसला. अंगठा उचलला तर पायावर खळगा तसाच राहिला, ओल्या लांबीत बोट रुतावं तसा. तो उठला. रिक्षा घेऊन आला आणि म्हणाला, "चल."

डॉक्टरीणबाईंनी छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "हार्ट फेल्युअर आहे."

"शाळेत मी कधी फेल झाले नाही हो," पडदेवाली म्हणाली. तिला स्वतःलाच कळेना की हे आपण काय बोललो.

बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "फेल म्हणजे बंद पडलंय असं नाही. दमलंय. जेवढं रक्त ढकलायला हवं तेवढं त्याला ढकलता येत नाही, म्हणून पाणी अंगात साचतं. काही बायकांना बाळंतपणाच्या आगेमागे होतं असं. कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. औषधं नेमाने घ्यायची, मीठ कमी, पाणी मोजून. आणि पुन्हा बाळंतपण नको."

शेवटचं वाक्य ऐकून काचवाल्याने मान हलवली. पडदेवालीने बाळाचं दुपटं नीट केलं. घरी आल्यावर पुढच्या बाळासाठी म्हणून जपून ठेवलेलं बारकं झबलं तिने शेजारणीला देऊन टाकलं.

औषधांनी ती उभी राहिली. पहिल्यासारखी नाही, पण कामाला लागण्याइतकी. रोज सकाळी वजनकाट्यावर उभं राहायचं, काटा एकाएकी पुढे सरकला तर समजायचं की अंगात पाणी भरतंय. सगळ्यात जास्त छळ मांडला होता तो लघवीच्या गोळीने. ती घेतली की अर्धी सकाळ मोरीच्या आसपास. गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर पहिल्यांदा खिडकी बघायची की संडास कुठे आहे ते विचारायचं, ही तिची मोठी अडचण. "माप मी विसरेन, पण कुठल्या घरची माणसं न कुरकुरता दार दाखवतात ते नाही विसरणार," असं ती म्हणायची.

लेक हायस्कुलात जायला लागली त्या सुमाराची गोष्ट. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरी पडदेवाली स्टुलावर उभी होती. हातात दांडी, खांद्यावर जड निळा पडदा. खोलीतला उजेड कुणीतरी हळूहळू ओढून घेतंय असं तिला वाटलं आणि पुढचं काही आठवेना. ती पडली ती त्या पडद्यासकट, त्याच्याच ढिगावर, म्हणून डोकं वाचलं. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं विचारलं, "कापड फाटलं नाही ना?" गृहस्थ बिचारे पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते.

या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पेसमेकर बसवावा लागेल. हृदयाच्या दोन बाजू एकदम आवळायला हव्यात, त्या हिच्या मागेपुढे आवळत होत्या, आणि मधूनच ठोका चुकत होता. पडदेवालीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे चादर पिळताना एकीने आधी पीळ द्यायचा नि दुसरीने नंतर. मग पाणी कसं निघणार?"

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. "हे यंत्र दोघींना एकदम सांगेल, आता पिळा."

डाव्या खांद्याखाली कातडीच्या आत डबी बसली. तिच्यातून निघालेल्या तारा हृदयापर्यंत गेल्या. हे सगळं चाललं असताना ती जागीच होती, आणि भूल दिलेल्या जागी कुणीतरी ढकलाढकली करतंय एवढंच तिला जाणवत होतं. घरी सोडण्याआधी यंत्र तपासायला आलेल्या तंत्रज्ञ पोरीने तिच्या गळ्यातल्या दोरीकडे बोट दाखवलं. "मावशी, हे काय आहे?"

"लोहचुंबक. टाचण्या सांडल्या की उचलायला. कायम गळ्यात असतो."

"आता नाही असणार," पोरगी म्हणाली आणि तिने स्वतःच तो काढून काचवाल्याच्या हातात दिला. चुंबक डबीच्या जवळ आला तर ती आपलं काम सोडून वेगळंच वागायला लागते, हे तिने दोनदा समजावून सांगितलं. मोबाइल उजव्या कानाला, डावा हात काही आठवडे खांद्याच्या वर नाही. म्हणजे वेणीसुद्धा काचवाल्याने घालायची. त्याने घातलेली वेणी पाहून शेजारीण म्हणाली, "भाऊ, ही वेणी आहे की विहिरीचा दोर?" त्यावर तो म्हणाला, "घट्ट आहे ना, मग झालं."

धाप बरीच कमी झाली. ती आडवी झोपायला लागली, दोन उशा घेऊन का होईना. स्टुलावर मात्र आता काचवाला चढायचा.

लेक मोठी होत होती आणि फारच शहाण्यासारखी वागत होती. आई उठायच्या आधी पाणी भरून ठेवायची, गठ्ठे उचलायची, हट्ट कधी करायची नाही. लोक कौतुक करायचे, पडदेवालीलाही बरं वाटायचं. पण शाळेच्या पोहण्याच्या चमूत निवड झाली तरी पोरीने परस्पर नाही सांगितलं, हे तिला शाळेतल्या बाईंकडून कळलं, तेव्हा तिच्या मनात काहीतरी खटकलं.

"का गं नाही म्हणालीस?"

"संध्याकाळी सराव असतो. तुला मदत कोण करणार?"

"तुझे बाबा आहेत की."

लेक टेबलावरच्या कापडाच्या कडेचे दोरे उपसत राहिली. मग म्हणाली, "आत्या म्हणाली, माझ्या जन्मापायी तुझं हृदय खराब झालं."

नणंदेने ते कधी, कुणापुढे म्हटलं असेल ते पडदेवालीला विचारायचीही गरज नव्हती. ते साऱ्या गल्लीलाच ऐकू गेलं असणार. तिने मशीनवरून पाय काढला.

"तुझ्या जन्मानंतर झालं, हे खरं आहे. तुझ्यामुळे झालं, हे खरं नाही."

"मग कोणामुळे?"

"कोणामुळेच नाही."

लेकीने मान डोलावली. पण तिला पटलेलं नाही हे आईला दिसत होतं. लेक पोहायला जायला लागली, पण सराव संपला की धावत घरी.

अशी वर्षं गेली. लेकीने नकाशे काढण्याचं शिक्षण घेतलं आणि दूरच्या शहरात तिला चांगली नोकरी आली. त्याच सुमाराला तपासणीत कळलं की पेसमेकरची बॅटरी संपत आली आहे, डबी बदलावी लागेल. लेक म्हणाली, "आधी ते होऊ दे. मग बघू." पडदेवाली चिडली. "माझ्या बॅटरीसाठी तू घरी बसणार? बसलीस तर ती जास्त टिकणार आहे का?" काचवाला मध्ये पडायला गेला तर दोघींनी त्याला एकदमच गप्प केलं.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंना भेटायला दोघी गेल्या. बाईंचे केस आता पांढरे झाले होते. सगळं बोलून झालं, पडदेवाली पिशवी उचलत होती, आणि लेक जागची उठेना.

"बाई, मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "पुढे मला मूल झालं, तर मलाही असंच होईल का?"

पडदेवाली पुन्हा खाली बसली. इतकी वर्षं तिची समजूत होती की पोरगी आत्याचं बोलणं मनाला लावून घेऊन आपल्याभोवती घुटमळतेय. पोरीच्या पोटात ही दुसरी भीती आहे, रोज सकाळी आईचा वजनकाटा वाचताना ती स्वतःचंही पुढचं वाचतेय, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

बाईंनी प्रश्न उडवून लावला नाही. "काही घरांत आईमागून मुलीत येतं, बहुतेक घरांत येत नाही. तुझं मी अंदाजाने कशाला सांगू? चल, आत्ताच बघू."

दार बंद झालं. पडदेवाली बाहेर बाकावर बसली. आजवर आत ती असायची आणि बाकावर घरचं कुणीतरी असायचं. बाकावर बसणं हे आत पडून राहण्यापेक्षा अवघड आहे, हे तिला पहिल्यांदाच कळलं. समोरच्या भिंतीवर एक खिडकी होती, तिला लावलेला पडदा वीतभर आखूड होता. ती त्याच्याकडे बघत राहिली, पण मनात माप येईना.

बाईंनी तिला आत बोलावलं. लेक टेबलावर होती आणि यंत्राच्या पडद्यावर तिचं हृदय उघडमीट करत होतं, दोन्ही बाजू एकदम. पडदेवालीने स्वतःचं अनेकदा पाहिलं होतं, ते ढिलं, थकलेलं असायचं. हे तसं नव्हतं.

"आज उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "पुढे वेळ येईल तेव्हा तिथल्या डॉक्टरांना आधी आईचं सांगायचं, आधी आणि नंतर तपासून घ्यायचं. आणि पोरी, त्याआधी नोकरी करायची."

लेक रुजू व्हायला गेली तेव्हा ऑपरेशन व्हायचंच होतं. मदतीला नणंद आली, बोलावल्याशिवाय. आल्या आल्या तिने भाचीला फोन लावला आणि दणदणीत आवाजात सांगितलं, "मी आहे इथे. तू तिथून हललीस तर बघ." जुनं बोलणं तिला आठवत होतं की नव्हतं, देव जाणे. पडदेवालीने तो विषय काढला नाही. पण नणंद राहिली, अळणी स्वयंपाक करायला शिकली, आणि स्वतःच्या ताटातही वरून मीठ घेईना.

"वन्सं, तुम्ही तरी घ्या."

"गप गं. मला कळतं."

डबी बदलली, कातडीखालच्या त्याच खिशात नवी बसली. तारा जुन्याच चालल्या. हृदय काही तरुण झालं नाही. मध्ये एकदा फुप्फुसात पाणी साचलं म्हणून तिला दवाखान्यात राहावं लागलं, औषधं वाढली, काम निम्म्यावर आलं. आता ती गिऱ्हाइकाच्या घरी खुर्चीत बसते आणि काचवाला स्टुलावरून विचारतो, "झालं का मनासारखं?" ती म्हणते, "डावीकडे जरा खाली. अजून जरा." लेक रोज सकाळी फोन करून वजन विचारते. आकडा वाढला असला की पडदेवाली आधी हवापाण्याच्या गप्पा काढते, आणि लेक लगेच ओळखते.

लेकीचं लग्न झालं, आणि काही वर्षांनी तिला दिवस राहिले. तिने पहिल्याच भेटीत तिथल्या डॉक्टरांना आईचं सगळं सांगितलं. पडदेवाली आणि काचवाला तिच्याकडे जाऊन राहिले. लेकीचं घर वरच्या मजल्यावर होतं, जिना चढताना पडदेवालीला मध्येच पायरीवर बसावं लागायचं आणि शेजारचे लोक वळसा घालून जायचे. मुलगा झाला. मग ते आठवडे आले, ज्यांची दोघींना धास्ती होती. लेकीच्या तपासण्या झाल्या. दोघी एकमेकींना न सांगता एकमेकींची धाप ऐकायच्या. आईला लागायची ती नेहमीची, लेकीला लागायची ती फक्त बाळ रडून रडून उठवायचं म्हणून.

काहीच झालं नाही. शेवटच्या तपासणीहून आल्यावर लेकीने तेवढंच सांगितलं, "काही नाही, आई. ठीक आहे." पडदेवालीने हातातली वाटी खाली ठेवली, पलंगावर दोन उशा रचल्या आणि भर दुपारी गाढ झोपली. लेकीने बाळाला आणून तिच्या उजव्या कुशीत ठेवलं, कारण डाव्या बाजूची डबी त्याच्या डोक्याला टोचते, आणि ती स्वयंपाकघरात जेवायला बसली.