पाव फेरा उलटा

नट घट्ट करताना तो आधी सैल करायच्या दिशेने फिरवायचा असतो, हे तुम्हाला माहीत होतं का? नव्हतं ना? मग ते यंत्राला तरी कुठून माहीत असणार?

फिटरताईंना मात्र ते बावीस वर्षं माहीत होतं. नट बोल्टवर टेकवायचा, पाव फेरा उलटा घ्यायचा, आटा जागेवर आल्याचं बोटांना कळलं की मग सुलटा. समुद्रातल्या पवनचक्क्यांवर हेच करता करता गुडघे गेले, तेव्हा एका संशोधन केंद्राने त्यांना करारावर घेतलं. तारा लावलेले हातमोजे घालायचे आणि हॉलमधल्या गोल लोखंडी कड्याच्या बोल्टांवर मुठीएवढे नट बसवायचे. त्या हालचालींवरून यांत्रिक हात शिकणार. तो शिकला की करार संपला.

संशोधक चाळिशीचे, नावापुढे डॉक्टर लावणारे. "तापावर साधी गोळी नाही तुमच्याकडे, असले कसले डॉक्टर!" ताई त्यांना चिडवायच्या.

चाचणीत यंत्राने तिसराच नट तिरका चढवला. आटे मेले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. डॉक्टरांनी अहवालाच्या मसुद्यात लिहिलं: कामगाराच्या हालचालींचा नमुना सदोष.

घरी नवरा म्हणाला, "बरंच झालं की. गप्प बस. यंत्र चुकतंय तोवर तुझी नोकरी आहे."

"आणि माझा हात वाकडा म्हणून लिहिलंय, त्याचं काय?"

"लिहू दे. कोण वाचतंय?"

"मी वाचलं ना!"

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये शिरल्यावर त्यांनी खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "डॉक्टर, यंत्र उलटा फेरा घेतच नाही. माझं रेकॉर्डिंग लावा. मूळचं. तुम्ही कापाकापी केलेलं नको."

पडद्यावर त्यांचा हात आला. पाव फेरा उलटा, मग सुलटा. दर वेळी.

"ही हालचाल फालतू वाटली, म्हणून काढली," डॉक्टर म्हणाले. "वेळ वाचत होता."

"विचारायला तोंड नव्हतं? दहा पावलांवर तर उभी होते मी!"

कापलेलं परत जोडलं. संध्याकाळपर्यंत यंत्राने चोवीसच्या चोवीस नट सरळ चढवले आणि त्याच शुक्रवारी ताईंचा करार संपला. अहवालातून 'सदोष' गेलं, शिकवणाऱ्याच्या जागी 'एक कामगार' एवढंच आलं. ताईंनी पेन मागून घेतलं आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, पुढे 'फिटर, बावीस वर्षं'. छापून आलेल्या प्रतीत ती ओळ नव्हती.

असली यंत्रं आता अणुभट्टीत उतरतील, भर समुद्रात चढतील. चढू देत, माणसांचे गुडघे तरी वाचतील. पण तुमच्यासमोर कोणी त्यांचं कौतुक करायला उभं राहिलं, तर टाळ्या वाजवायच्या आधी उठून विचारा: हे याला कोणी शिकवलं? आणि नाव कळेपर्यंत खाली बसू नका.