नीलाबाईचा चष्मा आणि मोहाखालची राखण

नीलाबाईला मुळातच चैन नाही. बसली तरी तिचा एक पाय हलत असतो, आणि चुलीवर भात ठेवला की ती चारदा झाकण काढून बघते. गोंडपिपरी तालुक्यातल्या त्या जंगलाकाठच्या गावात मोहफुलं वेचायला तिच्याइतका झपाट्याचा हात दुसरा नव्हता. मग साठीच्या आसपास गुडघे गेले. खाली बसली की उठवायला दोघी लागायच्या. अशी बाई घरी राहिली तर सुनेचं जगणं हराम करील हे साऱ्या गावाला माहीत होतं, आणि सुनेला तर जास्तच.

गावच्या बायकांनी मात्र तिला घरी बसू दिलं नाही. त्यांनी तिला राखणीला उभं केलं. मोह वेचणारी बाई तासन्‌तास वाकलेली असते, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, एखादं जनावर वाटतं. पलीकडच्या गावातली एक बाई अशीच गेली होती. तेव्हापासून इथल्या बायका टोळीनं जातात आणि एकजण वेचत नाही. ती काठी घेऊन ताठ उभी राहते, चहूकडं बघते, मधूनमधून हाळी देते. जंगलात वाघाचं नाव कुणी घेत नाही. दिसलाच तर ‘थो आला’ एवढंच, म्हणजे ‘तो आला’. परत निघताना प्रत्येक बाई आपल्यातली एक ओंजळ राखणदारणीच्या टोपलीत टाकते. आपली टोपली न वाकता भरते, हे नीलाबाई सुनेला रोज ऐकवायची.

डोळ्यांच्या शिबिरात मिळालेल्या चष्म्यानं तिला लांबचं झाड न् झाड दिसायचं. घोटाळा झाला तो यंदाच्या हंगामात. मोहाखालचा पाला जाळून जागा साफ करतात, त्याचा धूर पहाटे जमिनीलगत रेंगाळतो. नीलाबाईला त्यानं खोकला लागला, म्हणून तिनं नाकातोंडावर दुपट्टा बांधला. पहाटेचा गारवा आणि दुपट्ट्यातून वर सरकणारा गरम श्वास. दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या.

तिनं पदरानं पुसल्या. आता पदर डोक्यावरचा, आणि डोक्याला टोरीचं तेल, म्हणजे मोहाच्याच बियांचं, भरपूर चोपडलेलं. काचा नुसत्या पांढऱ्या होत्या त्या तेलकट पांढऱ्या झाल्या. आता समोर हिरवट काहीतरी, तपकिरी काहीतरी आणि त्यात हलणारे लुगड्यांचे रंग. चष्मा काढला तर तेवढंही नाही.

सांगायला हवं होतं. हे तिलाही कळत होतं. पण सांगितलं की राखण जाणार, आणि राखण गेली की उरली खाट. मग तिनं काय केलं, तर हाळी जरा मोठ्यानं द्यायला लागली. ‘नाई वं कोणी, वेचा निवांत.’ बायका निवांत वेचत होत्या.  ही मात्र पान सळसळलं की दचकायची, आणि बुंध्याला टेकलेली टोपलीसुद्धा दबा धरून बसलेली वाटायची. घरी अर्ध्या ताटावरून उठायची. सुनेनं विचारलं तर तिच्यावरच खेकसली. असं आठवडाभर चाललं, आणि ते चालू दिलं याबद्दल तिचा राग यावा तेवढा थोडाच.

बाजाराच्या दिवशी राखण आटोपून ती गोंडपिपरीला चष्म्याच्या दुकानात गेली. दुकानदार मिथुननं काचा उजेडाकडं धरल्या.

"बाई, याच्यात भजे तळले का?"

"थट्टा नोको करू, भाऊ. धुकं बसते याच्यावर. मले काई दिसून नाई राह्यलं."

मिथुननं काचा आधी साबणाच्या पाण्यानं धुऊन तेल काढलं. मग सांगितलं, "कोरडा साबण दोन्हीकून हलका चोळाचा, अन् मंग साध्या सुती फडक्यानं चमकेपर्यंत पुसाचा. पदर लावाचा नाई. दुपट्ट्याची वरची कोर चष्म्याखाली दाबून घ्याची, म्हणजे वाफ वर नाई चढत."

दुसऱ्या पहाटे नीलाबाई मोहाखाली उभी राहिली. खोकला होता, दुपट्टा होता, आणि काचा लख्ख. शेजारच्या रुखमाची लेक चंचल बरीच लांब वेचत होती, तिच्या हातातल्या बांगड्या दिसल्या. नाल्याकाठचं गवत दिसलं. आणि त्या गवतातून उठून उभा राहिलेला तो दिसला.

"थो आला," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडलं की बायका पळतात, आणि पळायचं नसतं.

साऱ्याजणी ताठ झाल्या, एकमेकींना चिकटल्या, काठ्या आपटत मागं मागं सरकल्या. त्यानं क्षणभर बघितलं आणि तो नाल्यात उतरून गेला. गावच्या रस्त्याला लागल्यावर जी ती नीलाबाईचं कौतुक करायला लागली. चंचलनं तर तिच्या गळ्यात हात टाकले.

"काकी, तुह्या चष्म्याले साबणाचा वास काऊन येऊन राह्यला?"

काहीही सांगता आलं असतं. पण आठवडाभराचं ओझं वाहून ती थकली होती. तिनं धुक्याचं सांगितलं, तेलाचं सांगितलं, मिथुनचा उपायही सांगितला. "पण आता दिसते वं मले. सारं साफ दिसते."

 रुखमा चालता चालता थांबली.

"आज दिसते, बाई. पण काल माही पोरगी तिथंच वाकून होती."

तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर नीलाबाईला भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या पहाटे रुखमानं नेहमीसारखी दारातून हाक मारली. वाटेत कुणी टोचून बोललं नाही. मोहाखाली पोचल्यावर रुखमानं राखणीची काठी चंचलच्या हातात दिली आणि घरून आणलेला लाकडी पाट नीलाबाईपुढं ठेवला. नीलाबाई त्यावर बसली, जंगलाकडं पाठ झाली. स्वच्छ काचांतून जमिनीवरचं फूल न् फूल दिसत होतं. पण हात चालेना. मागं काय आहे ते दिसत नव्हतं, आणि ते बघणारे डोळे दुसऱ्याचे होते.  तिनं मान वळवून विचारलं,

"चंचल, तुले बरोबर दिसते ना वं?"

कुणी हसलं नाही. रुखमानं खाली मान घालूनच फुलं टोपलीत टाकली.

"तुले आमी कवाच नाई इचारलं, बाई," ती म्हणाली, आणि पुढं वेचत राहिली.