शशिकलाचा पिवळा ठिपका

आमच्या पनवेलच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवणाऱ्या शशिकला ओवळेकरला एकच ध्यास होता. खाडीतल्या तिवराच्या सालीत जंतू मारणारं द्रव्य आहे आणि ते आपणच शोधून काढायचं. तिची डॉक्टरेट त्यावर अडली होती. मी फिजिक्सची, माझी खोली तिच्या प्रयोगशाळेला लागून. त्यामुळे तिची चिडचिड ऐकणं हा माझ्या नोकरीचाच भाग होऊन बसला होता.

सुरुवात झकास झाली होती. एकोणनव्वदचा उन्हाळा. कॉलेजात साल दळायला यंत्र नव्हतं, म्हणून शशिकलाने ती गच्चीवर वाळवली आणि बाजारात मसाला कुटतात त्या डंखावर कुटायला दिली. भुकटी आणून अर्क काढला, जंतू वाढवलेल्या काचेच्या ताटलीत त्याचा थेंब सोडला. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती जंतू साफ! स्वच्छ गोल कडं पडलेलं. अर्क पट्टीवर चढवून त्यातली द्रव्यं ठिपक्याठिपक्यांनी वेगळी करून पाहिली, तर ही करामत एका पिवळ्या ठिपक्याची निघाली. बाई ती ताटली घेऊन अख्ख्या स्टाफरूममध्ये मिरवली. प्राचार्यांनी गॅदरिंगच्या भाषणात तिचं नाव घेतलं. अनुदान मिळालं, त्यातून दळणाचं चकचकीत नवं यंत्र आलं.

आणि तिथेच माशी शिंकली. नव्या यंत्रात दळलेल्या सालीतून ना कडं पडे, ना पिवळा ठिपका दिसे. तिने ऋतू बदलून पाहिला, भरती-ओहोटी सांभाळून पाहिली. पहिल्या झाडाची साल पुन्हा आणावी म्हणून गेली, तर तिथे भराव टाकलेला. ती डंपरवाल्यांशी कडाकडा भांडून आली.

"माझं झाडच गाडलं गं मेल्यांनी!" म्हणून माझ्यासमोर ढसाढसा रडली. मलाही ते अगदी पटलं.

मुंबईचे मार्गदर्शक सर दर भेटीत एकच विचारायचे, "एकदा झालं ते पुन्हा का होत नाही?" मग ती घरी येऊन नवऱ्यावर ओरडायची. तो बिचारा मुकाट्याने कुकर लावायचा. अशी तीन वर्षं गेली.

ब्याण्णवच्या एप्रिलात आम्ही दोघी मिरच्या घेऊन त्याच डंखावर गेलो. मालक दाऊदभाई तिला पाहून खुलले.

"मॅडम, तुमचं ते औषध निघालं का?"

"कुठलं निघतंय!" शशिकला करवादली.

"निघेल, इन्शाअल्ला. मी तर जपून कुटलं होतं. मिरचीच्या डंखात घातलं असतं तर तोबा, सगळं तिखट झालं असतं. म्हणून हळदीच्या डंखात घेतलं. हळद म्हणजे पाक चीज!"

शशिकलाचा चेहरा पांढराफटक पडला. मिरच्यांची पिशवी तिथेच टाकून ती तडक कॉलेजकडे निघाली, मागे मी. तिने पहिल्या अर्काची जपून ठेवलेली बाटली काढली आणि मला कँटीनमधून चमचाभर हळद आणायला पिटाळलं. मग हळदीचाही अर्क काढून दोन्हींचे थेंब एकाच पट्टीवर शेजारी शेजारी लावले. द्रावण हळूहळू वर चढलं. दोन पिवळे ठिपके, अगदी एकाच उंचीवर, म्हणजे द्रव्यही एकच.

"रोज वरणात घालते गं मी ही," ती म्हणाली. "रोज."

मला भयंकर राग आला, पण तो कुणावर काढावा ते कळेना. दाऊदभाईंनी तर बिचाऱ्यांनी भलंच करायला घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून प्राचार्यांकडे गेली आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता कशाला बोभाटा करता? कोण तपासायला येतंय?"

"मी तपासलंय, सर," शशिकला म्हणाली. डॉक्टरेट तिथेच संपली.

संध्याकाळी आम्ही मसाला आणायला गेलो. डंखापाशी बायकांची गर्दी होती. दाऊदभाईंनी सगळ्यांना ऐकवलं, "या मॅडमचं औषध आपल्याकडे कुटलं होतं!" मग तिच्याकडे वळून म्हणाले, "औषध सापडेल बघा एक दिवस."

"सापडलं, दाऊदभाई. तुमच्याच डंखात होतं."

दाऊदभाईंना ते कौतुकच वाटलं. खूश होऊन त्यांनी ताजी कुटलेली हळद कागदात बांधली आणि पैसे न घेता तिच्या हातात ठेवली. शशिकलाने ती पुडी घेतली आणि पर्समध्ये टाकली.