ब्याऐंशी हजार वाती

डॉक्टर मुरलीधर देवस्थळींनी लीड्सच्या हॉस्पिटलात तीस वर्षं माणसांना भूल दिली, आणि झोपवलेला प्रत्येक जण उठवला, असं ते अभिमानाने सांगत. कामात देवमाणूस. घरात मात्र कुणाचं ऐकतील तर शपथ.

दोन हिवाळे लीलावतीबाई म्हणत होत्या, "अहो, स्टोव्ह पूर्वीसारखी ऊब देत नाही हो." मुरलीधरराव काचेआडची ज्योत दाखवायचे. "ही बघ, मस्त पेटलाय. थंडी तुझ्या हाडांत आहे. वय झालं आता." बाई शाल आणखी ओढून घेत.

आता त्याच लीलावतीबाई हॉस्पिटलात होत्या. पोटातला आजार पसरला होता, उपचार थांबवले होते. उरलेले दिवस त्यांना आपल्या खोलीत, आपल्या खुर्चीत काढायचे होते. शुक्रवारी घरी सोडायचं ठरलं. नर्सने एकच अट घातली, घर गरम हवं. आणि मंगळवारी नेमका स्टोव्ह बंद पडला.

लीड्सबाहेरच्या त्यांच्या गावात गॅसची लाइन नव्हती. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर, पेलेट्सवर, चालणारा हा स्टोव्ह पंधरा वर्षं ते दगडी घर तापवत आला होता. आता तो पेटायचा, वीस मिनिटं जळायचा आणि आपला आपण विझायचा. मेकॅनिकने पुढच्या महिन्यातली तारीख दिली. कॉव्हेंट्रीहून लेकीचा, ईशिताचा फोन आला.

"बाबा, तो स्टोव्ह खूप जुना झाला आहे. दोन इलेक्ट्रिक हीटर्स आणा ना, प्लीज."

हीटर आणून झाले होते. समोर धरलेले हात शेकले, खोली होती तशीच राहिली.

बुधवारी त्यांनी प्लग काढला, स्टोव्ह गार होऊ दिला आणि जमिनीवर बसकण मारली. गोळ्या जळतात त्या वाटीची भोकं तारेने मोकळी केली. धुराच्या नळीतली राख काढली. गोळ्या दमट असतील म्हणून सगळ्या उपसून नवी बॅग ओतली. पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा अंधार. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जमिनीवर बसणं सोपं असतं, उठताना कळतं.

गुरुवारी दुपारी त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये करायचे तेच केलं. पॅनेलवरच्या आकड्यांवरची नजर काढली आणि पेशंटला हात लावला. लोखंड चटका बसेल इतकं तापलं होतं, पण जाळीतून वारा जेमतेम येत होता. आग ठीक होती. ऊब खोलीत ढकलणारा पंखा ढकलत नव्हता, म्हणून स्टोव्ह आतल्या आत तापून स्वतःच बंद व्हायचा. म्हणजे दोन हिवाळे लीला खरंच सांगत होती.

स्टोव्ह गार झाल्यावर त्यांनी मागच्या झाकणाचे चार स्क्रू काढले. दरवर्षी सर्व्हिसिंगवाला पुढची राख साफ करून जायचा. मागे काय आहे, हे यांनी कधी विचारलं नव्हतं. पंख्याच्या पात्यांवर पांढरट जाड थर बसला होता. धूळ असेल म्हणून ओढला, तर बोटांत लांब, मऊ धागे आले. कापूस होता तो. त्यातच एक अख्खी वात अडकलेली होती.

पाच वर्षांपूर्वी मुरलीधररावांची बायपास झाली. ते आयसीयूत असताना लीलावतीबाईंनी संकल्प सोडला होता, हे घरी येऊ देत, देवाला लाख वाती वाहीन. त्यावर हे हसले होते. "मला सर्जनने वाचवलं, वातींनी नव्हे." बाई वादात पडल्या नाहीत. रोज दुपारी स्टोव्हच्या मागच्या बाजूला खुर्ची ओढून वाती वळत बसल्या. बुटांच्या खोक्यांत ब्याऐंशी हजार साठल्या, मग हातातली ताकद गेली. त्यांच्या मांडीवरून उडालेला कापूस पंखा हवेबरोबर ओढून घेत राहिला. ती ह्यांच्या आयुष्यासाठी वळत होती आणि स्वतः कुडकुडत होती. आणि आपण तिला काय सांगितलं, तर थंडी तुझ्या हाडांत आहे. मुरलीधरराव जमिनीवर बसून लहान मुलासारखे रडले.

मग जुना टूथब्रश घेऊन त्यांनी एकेक पातं स्वच्छ केलं. संध्याकाळी स्टोव्ह वीस मिनिटं चालला, तास चालला, झोपेपर्यंत चालला.

शुक्रवारी लीलावतीबाई घरी आल्या. खुर्चीत टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"किती छान ऊब आहे. काय झालं होतं हो त्याला?"

उत्तर मुरलीधररावांनी सकाळपासून घोकून ठेवलं होतं. "धूळ बसली होती पंख्यावर." मग थांबून म्हणाले, "तू बरोबर सांगत होतीस, लीला. मीच ऐकलं नाही. चुकलो."

त्या इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "खुर्ची खिडकीपाशी का आणलीत?"

"इथे उजेड बरा आहे."

बाईंनी स्टोव्हकडे पाहिलं, खुर्चीच्या जुन्या जागेकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे. त्यांना कळायचं ते कळलं असावं. मुरलीधरराव उठले, कपाटातून कापसाचा पुडा घेऊन आले आणि त्यांच्यासमोर स्टुलावर बसले.

"अठरा हजार राहिल्यात ना? कशी वळायची ते दाखव."

"तुम्ही?" त्यांनी हात पुढे केला. "बोटांना जरा भस्म लावा. पिळू नका हो, हलकेच वळा."

पहिली वात मध्येच जाड, टोकाला वाकडी झाली. ती तळहातावर धरून त्यांनी विचारलं, "ही चालेल देवाला?"

लीलावतीबाईंनी ती उचलली आणि आपल्या हाताने खोक्यात ठेवली.

"ब्याऐंशी हजार एक," त्या म्हणाल्या. "घ्या, पुढची."