मागच्या दारचं घर

आईला जाऊन आता वर्ष होईल. तिच्याविषयी लिहायला बसले की तिचं आजारपण आठवत नाही; आठवते ती निजामाच्या राज्यातली मर्दुमशुमारी. उमरग्याकडच्या आमच्या गावात शिरगणतीला तोच शब्द होता.

वडील वारल्यावर आई आणि मी थोरल्या चुलत्यांच्या घरात, मागच्या खोलीत राहत होतो. चुलत्यांनी माझं लग्न ठरवत आणलं होतं. मी गावच्या शाळेत शेवटच्या इयत्तेत होते. मला पुढं शिकवायचं, एवढंच आईच्या मनात होतं. पण थोरल्या दिरासमोर ती कधी बोलली नव्हती. ते दिसले की पदर पुढं ओढून भिंतीला लागून जायची. घर त्यांचं, म्हणून शब्दही त्यांचा.

गणतीचं काम शाळेच्या मास्तरांकडं आलं. ते गेरूनं दारादारावर आकडे घालत निघाले, तेव्हा आडावर कुणी तरी विचारलं, "एका छपराखाली दोन भाऊ असले तर?"

"चूल बघायची. जितक्या चुली, तितकी घरं," मास्तर म्हणाले. आई तिथंच पाणी शेंदत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं मागच्या दारी तीन दगड मांडले, जाळ केला आणि भाकरी थापायला बसली.

"अगं बया, घरात चूल पेटलीय की! हे काय नवं?" चुलती म्हणाली.

"तुमच्या चुलीची धग लई लागती, आक्का."

तेवढ्यात मास्तर आले. चुलते ओसरीवरून म्हणाले, "लिहा मास्तर, सगळं एकच खटलं हाय."

मास्तरांनी मागचा धूर बघितला. "मग ती चूल कुणाची?"

"पाणी तापवायला पेटवली असंल."

आई उठून दारात आली. पदर डोक्यावर होता, पण आवाज मोकळा होता. "पाण्याला न्हाय. माझी चूल हाय. मी आन् माझी लेक, आमी दोघी. लिहा."

"घरात मुख्य कोण?"

"मीच."

चुलत्यांच्या हातातला अडकित्ता तसाच उघडा राहिला. मास्तरांनी लिहिलं. त्या साली गावात माणूस न वाढता एक घर वाढलं.

सरकारनं ज्याचं घर लिहिलं, त्याचा शब्दही सरकारनं मानला, अशी आईची समजूत होती. गावाचीही तीच होती आणि चुलत्यांची तर पक्की. गणतीनं असा कुठलाच हक्क मिळत नाही, हे मी फार पुढं वाचलं. मास्तरांना ते ठाऊक असणार. ते बोलले नाहीत.

काही दिवसांनी चुलते स्थळाचं बोलायला आले. आतून न येता घराला वळसा घालून आले आणि मागच्या दाराबाहेर थांबून खाकरले. मला म्हणाले, "आईला इचार, पोरगी द्यायची का."

उत्तर मला सांगावंच लागलं नाही. आतून आईच बोलली, "पोरगी उमरग्याला मामाकडं शाळेला चाललीया. बसा, च्या टाकते."