नुसतं बघायची नोकरी

माझी धाकटी नणंद चाळिशी ओलांडल्यावर शिकाऊ उमेदवार झाली. घरात तिला आम्ही लगबग म्हणतो. पाहुणी म्हणून आली तरी स्वतःच्या चपला काढता काढता ती दारातल्या सगळ्यांच्या जोड्या नीट लावते. तिच्यासमोर कप खाली ठेवायची सोय नाही. वळून बघावं तर तो धुऊन पालथा झालेला असतो. एकदा यांचा अर्धा चहा असाच गेला.

"अगं, पीत होतो मी!"

"गार झाला होता, दादा," असं म्हणून बाईसाहेब नवा टाकायला गेल्यासुद्धा.

बरीच वर्षं ती एका दातांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलावर होती. डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला. दुसरीकडे जाईल तिथे पहिला प्रश्न पदवीचा. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं होतं ते सुटलंच. मग तिला ही जागा सापडली. मोठमोठ्या कंपन्यांचे हिशेब तपासणारी एक भलीमोठी फर्म. आठवड्यातले चार दिवस तिथे काम, पाचव्या दिवशी वर्ग, वर पगार, आणि शेवटी पदवी. वयाची अट नाही. एका दगडात दोन पक्षी! फक्त पहिले सहा महिने परीक्षेचे. त्यात टिकली नाही तर खुर्ची जाणार आणि वर्गही जाणार, म्हणजे दोन्ही पक्षी भुर्र. लगबगला पदवी किती हवी होती ते मला माहीत आहे. मुलीच्या पदवीदानाला गेली होती तेव्हा टाळ्या वाजवता वाजवता तिचं सगळं लक्ष त्या काळ्या झग्यांकडे होतं.

त्या काचेच्या इमारतीत कुणाला स्वतःचं टेबल नाही. सकाळी लवकर येईल तो खिडकीजवळ बसेल. लगबगने पहिल्याच दिवशी आपलं टेबल पुसलं, मग शेजारचं, मग ओघात सगळी रांग. तिचा गटप्रमुख तिच्या मुलीहून जेमतेम दोन वर्षांनी मोठा. तो हिला मॅडम म्हणे, ही त्याला सर.

"दोघंही एकमेकांना घाबरतात, म्हणजे जमेल," हे म्हणाले.

जमत होतंही, पण परीक्षेचा काळ संपत आला आणि गोदामाचं काम निघालं. बेसिनं आणि नळ विकणाऱ्या एका कंपनीचं गोदाम होतं. वर्षअखेरीला माल मोजतात, तेव्हा तपासणाऱ्यांनी हजर राहायचं असतं.

"मोजतील ती गोदामातली माणसं," गटप्रमुखाने बजावलं. "आपण बघायचं. नंतर आपल्या मनाने काही ढीग निवडून पडताळायचे. तोवर हात लावायचा नाही, सुचवायचं नाही, मदत तर मुळीच नाही."

"थोडीशीसुद्धा?"

"मॅडम, आपणच मोजलं तर तपासलं कुणी?"

तिला पटलं. पटणं निराळं आणि हात निराळे. मोजणी सुरू व्हायची होती, गटप्रमुख पलीकडच्या रांगेत गेला होता, आणि समोर कोपऱ्यात खोकी कशीही पडलेली. लगबगने ती उचलली आणि शेजारच्या तशाच खोक्यांवर रचून टाकली. कडेला कड जुळवून. वर पदराने धूळही पुसली असणार, ती कबूल करत नाही.

मोजणी झटपट आटोपली. गोदामवाले काका खूश. "काय रांग लागलीय! आमच्याकडेच या की, बाई."

"कोपरा जरा आवरला मी," लगबग लाजत म्हणाली.

काकांचा चेहरा उतरला. "तो कोपरा? अहो, तो परत आलेला माल होता! तडकलेली बेसिनं! ती मोजायचीच नव्हती!"

आता चांगलं कुठलं नि फुटकं कुठलं, ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. प्रत्येक खोकं उघडणं आलं. लगबग तशीच सरांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. ते पोरगं डोक्याला हात लावून खाली एका खोक्यावरच बसलं.

"पुन्हा मोजणी शनिवारी," तो शेवटी म्हणाला. "तुम्हीच उभं राहायचं. मॅडम, तुमचा निर्णय मी त्यानंतर कळवणार आहे. यापुढे मला काही बोलायला लावू नका."

तिचा जीव टांगणीला, आणि तालीम आमच्या स्वयंपाकघरात. मी काम करायचं, तिने हात मागे बांधून बघायचं. मी मुद्दाम झाकण शोधत बसले. ते तिच्या नाकासमोर होतं. ती ओठ चावत उभी. मग मी दूध तापत ठेवलं आणि पाठ फिरवली.

"वहिनी..."

"तू कोण?"

"तपासनीस."

"मग बघ."

दूध उतू गेलं. हे पेपरामागून म्हणाले, "हिच्या पदवीपायी घरी गाय पाळायची वेळ येणार."

शनिवारी ती गोदामात हात कोटाच्या खिशात कोंबून उभी राहिली. खोकी उघडली जात होती, फुटकं वेगळं होत होतं. एक ढीग कलंडू लागला, सावरला दुसऱ्यानेच. काका खवचटपणे म्हणाले, "बाई, आज नाही आवरत?" तिने हात खिशात आणखी खोल खुपसले. मग मोजणाऱ्याकडून एका खांबामागचा ढीग राहून गेला. लगबगला तो लख्ख दिसत होता. माणूस पुढच्या रांगेत गेला, तरी ही गप्पच. नंतर पडताळायचे ढीग निवडायची तिची पाळी आली, तेव्हा तिने पहिला निवडला तो खांबामागचाच. यादीत त्याचा आकडाच सापडेना. काकांनी यादी पुन्हा चाळली आणि ढीग मोजायचा राहिल्याचं त्यांचं त्यांनाच कळलं.

"तुम्हाला तो केव्हा दिसला होता?" गटप्रमुखाने हळूच विचारलं.

"सुरुवातीलाच."

"आणि बोलला नाहीत?"

"प्राण कंठाशी आले होते, सर."

तो हसला. "शुक्रवारी नवीन विषय सुरू होतोय. वर्गाला उशीर करू नका."

मला तिचा फोन आला तेव्हा नुसते हुंदके. "गेली का गं जागा?" मी विचारलं, तर हुंदके वाढले.

"जवळ कोण आहे? त्यांना दे फोन."

बराच वेळ खडखडाट झाला, मग एक कोवळा, पार घाबरलेला आवाज आला. "काकू, मी त्यांना पास केलंय हो. शप्पथ. त्या थांबतच नाहीयेत!"